प्लेटलेट्स ३८,००० आणि तळपायावरचे डाग: सत्तरी तालुक्यातल्या एका तापाचं प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांचा, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काजूचा हंगाम ऐन भरात असतो. बोंडू वेचायचे, मळून रस काढायचा, भट्टी लावायची, या कामांसाठी घरातली मोठी माणसं डोंगरावरच्या मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटातच, मुक्कामाला असतात. ताप तिथेच सुरू झाला. सातव्या दिवशी त्याला आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा मेहुण्यांच्या हातात रिपोर्टांची चळत होती आणि सगळ्यात वरच्या कागदावर एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढलेला होता. प्लेटलेट्स ३८,०००. (ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील बदलले आहेत.)

"डॉक्टर, पिशव्या कुठून आणायच्या तेवढं सांगा. रक्त द्यायला आमची मुलं खाली उभी आहेत," मेहुणे म्हणाले.

ताप आणि प्लेटलेट्स ही जोडी डेंग्यूने आपल्या डोक्यात फार घट्ट बसवली आहे. आकडा खाली गेला की घर हादरतं, पपईच्या पानांचा रस सुरू होतो, फोनाफोनी होते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच. या माणसाच्या प्लेटलेट्स खरोखरच कमी होत्या, पण त्याचा आजार प्लेटलेट्सचा नव्हता. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा होता, गोचिडीतून आलेल्या जंतूमुळे झालेला. त्यावरचा उपाय रक्तपेढीत नव्हता, तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणाऱ्या गोळीत होता.

पहिले सहा दिवस

पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर ठणकणं. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात पॅरासिटामॉल आणि सेफिक्झिम हे प्रतिजैविक मिळालं. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह. चौथ्या दिवशी बायकोला नवऱ्याच्या मनगटांवर बारीक लाल ठिपके दिसले. काजूच्या टरफलातलं तेल उडून कातडी भाजते, हे हंगामात रोजचंच असल्यामुळे तिने खोबरेल लावलं. पाचव्या दिवशी ठिपके घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर आले, तेव्हा गोळीची ॲलर्जी असेल असं ठरून सेफिक्झिम बंद झालं. प्लेटलेट्स चौथ्या दिवशी १,१०,०००, सहाव्या दिवशी ६२,०००. सत्तरीचा रुग्ण म्हणून माकडतापासाठीही रक्त पाठवलं गेलं होतं, आणि ते बरोबरच होतं. २०१५ पासून या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत, पुढच्या वर्षी शेजारच्या दोडामार्गातही तो दिसला, आणि त्याचा मोसम नेमका हाच, हिवाळा ते उन्हाळा.

या सहा दिवसांत कुणी फार चुकीचं वागलं असं मला वाटत नाही. मात्र घरात कुत्रा आहे का, हा एक प्रश्न कुणीच विचारला नाही.

तपासताना

ताप १०३, नाडी ११८, रक्तदाब ९८/६०, श्वासाचा वेग मिनिटाला २८, ऑक्सिजन ९१ टक्के. डोळे लाल, चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबलं की खळगा राहायचा. माणूस शुद्धीवर होता, पण उत्तर द्यायला वेळ लावत होता.

पुरळ अंगभर होतं, तरी सावळ्या कातडीवर ट्यूबलाइटच्या उजेडात ते धड दिसत नव्हतं. तळहात तर बोंडवाच्या रसाने काळे आणि राठ झालेले, त्यावर काही कळायला मार्ग नव्हता. सिस्टरांनी कोमट पाणी आणि साबण आणून दोन्ही तळपाय धुतले. मातीचा थर गेला, काजूचे डाग थोडे फिके झाले, मग मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तीळभर ते मसूरभर आकाराचे गर्द लाल ठिपके होते. त्यांवर काचपट्टी दाबून धरली, तरी रंग गेला नाही. म्हणजे ही नुसती फुललेली रक्तवाहिनी नव्हती, रक्त वाहिनीबाहेर झिरपलं होतं. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं टोक निळसर आणि गार होतं, पण घोट्याजवळची नाडी मात्र ठणठणीत लागत होती. रक्त मोठ्या वाहिनीतून येत होतं आणि शेवटच्या बारीक वाहिन्यांत अडत होतं.

तळहात-तळपायांवर उतरणारं, दाबून न जाणारं पुरळ आणि ताप ही जोडी दिसली की यादी फार लहान होते. गोचीड चावलेल्या जागी पडणारी काळी खपली शोधली. केसांत, कानांमागे, काखेत, जांघेत पाहिलं, करदोडा सरकवून त्याखालीही पाहिलं. सापडली नाही. भारतातल्या गोचीड-तापात ती बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे न सापडल्याने संशय कमी झाला नाही.

मग बायकोला विचारलं, "वहिनी, मांगरात कुत्रा आहे?"

"आहे ना. रातीचा राखणीला असतो. त्याच्या गोचिडी आम्ही रोजच काढतो, हाताने."

"काढून काय करता?"

"दगडावर ठेवून नखाने चिरडतो. रक्त भरलेल्या असतात त्या."

नवऱ्याला गोचीड चावलेली तिला आठवत नव्हती. त्यात नवल नाही. गोचिडीचा चावा दुखत नाही, पिल्लू तर तिळाएवढं असतं, आणि चिरडलेल्या गोचिडीतला द्रव नखाजवळच्या ओरखड्यातून किंवा डोळा चोळताना आत गेला तरी पुरतं. "गोचीड चावली होती का?" याला "नाही" असं उत्तर मिळालं, म्हणून निदान बाजूला ठेवता येत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी ७,२००, सोडियम १२६, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.४, क्रिएटिनिन १.६, यकृताची एन्झाइम्स तिप्पट-चौपट. गोठण्याच्या तपासण्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, १.२, म्हणजे जवळजवळ ठीक. गुठळ्या विरघळताना रक्तात उतरणारा डी-डायमर खूप वाढलेला. आणि फायब्रिनोजेन, गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, ४१०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे बराच वाद झाला.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा पहिला डोस २०० मिलिग्रॅम त्याच तासात दिला, पुढे दर १२ तासांनी १००. मेंदूज्वराच्या जंतूंनीही असं पुरळ येतं, फक्त ते काही तासांतच अंगभर पसरतं. तरी रक्ताचं कल्चर येईपर्यंत सेफ्ट्रायॅक्झोन जोडीला ठेवलं. स्क्रब टायफस गोव्यातही आढळतो, लेप्टोची शक्यताही धरली होती, आणि या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन चालतंच. माकडताप विषाणूचा, त्यावर कुठलंच प्रतिजैविक चालत नाही. त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आला.

अस्तरात काय चाललं होतं

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. निरोगी अवस्थेत या अस्तराचं मुख्य काम म्हणजे रक्ताला पातळ आणि वाहतं ठेवणं. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेट्सना दूर ठेवतं. त्याच्या पृष्ठभागावरचं थ्रॉम्बोमॉड्युलिन हे प्रथिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडून त्याचं काम उलटं फिरवतं आणि गोठणं थांबवणारं प्रोटीन सी जागं करतं. चुकून गुठळी झालीच तर ती विरघळवणारं टीपीए हे द्रव्यही तिथूनच येतं. पेशी एकमेकींना कॅडहेरिनच्या सांध्यांनी घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे पाणी आणि अल्ब्युमिन आत राहतं.

गोचिडीच्या लाळेतून येणारा रिकेट्सिया नेमक्या याच पेशीत घर करतो. भारतातल्या गोचीड-तापाचा जंतू रिकेट्सिया कोनोराय या जातीचा. तो पेशीबाहेर जगू शकत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणावरची ओम्प-ए आणि ओम्प-बी ही प्रथिनं अस्तराच्या पेशीला चिकटतात, पेशी त्याला गिळते, आणि ज्या पिशवीत तो अडकायला हवा ती पिशवी तो काही मिनिटांत फोडून पेशीरसात येतो. तिथे तो वाढतो, आणि पुढचा त्याचा प्रवास मला आजही थक्क करतो. पेशीचंच ॲक्टिन वापरून तो स्वतःमागे एक शेपटी उभी करतो आणि तिच्या रेट्याने भिंत ढकलत थेट शेजारच्या पेशीत शिरतो. त्यासाठी त्याला रक्तात उतरावंच लागत नाही. म्हणून संसर्ग अस्तराच्या कडेकडेने, ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. कातडीवर दिसणारा प्रत्येक लाल डाग म्हणजे बारीक वाहिनीच्या अस्तरातली अशी एकेक वसाहत. फुप्फुसात, मेंदूत, मूत्रपिंडातही तेच डाग असतात, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत.

आणि म्हणूनच सेफिक्झिमचा उपयोग झाला नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली आणि सेफालोस्पोरिनची औषधं पेशीच्या आत दडलेल्या या जंतूपर्यंत उपयोगी प्रमाणात पोचत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरतं आणि तिथे जंतूचं प्रथिन बनवणं बंद पाडतं. सल्फाच्या गोळ्यांनी तर हा आजार आणखी बिघडतो, तेव्हा ताप आणि पुरळ असताना त्या टाळलेल्याच बऱ्या.

संसर्ग झालेली पेशी गप्प बसत नाही. तिच्यात एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा जागी होते आणि अस्तराचा स्वभावच पालटतो. पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर येतो, ज्याच्यापासून गोठण्याची साखळी सुरू होते. वाइबेल-पालाडे कणांत साठवलेला फॉन विलेब्रांड घटक बाहेर पडतो आणि त्याला प्लेटलेट्स चिकटतात. थ्रॉम्बोमॉड्युलिन पृष्ठभागावरून सुटून रक्तात वाहू लागतं, म्हणजे गोठणं आवरणाराच कमी होतो. गुठळी विरघळवणाऱ्या टीपीएला रोखणारं पीएआय-१ वाढतं. पांढऱ्या पेशींना थांबवून धरणारे रेणू वर येतात, दाह वाढवणारी आयएल-६ आणि आयएल-८ ही द्रव्यं सुटतात, पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि तिचं आवरण मोडू लागतं. भूमध्य सागराकाठच्या अशाच तापात रुग्णांच्या रक्तात चक्क सुटून आलेल्या अस्तरपेशी सापडल्या आहेत.

दुसरीकडे कॅडहेरिनचे सांधे उसवतात. पाणी आणि अल्ब्युमिन बाहेर झिरपतं. आमच्या रुग्णाचा सुजलेला चेहरा, २.४ अल्ब्युमिन, फुप्फुसात साचलेलं पाणी आणि उतरलेला रक्तदाब, सगळं यातूनच आलेलं. सोडियम १२६ होण्याचं कारणही हेच. वाहिन्यांत रक्ताचं आकारमान घटलं की शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, आणि त्या पाण्याने सोडियम पातळ होतं.

हे सगळं ठाऊक व्हायला वेळ लागला. हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या मोंटाना भागातल्या तापाचा गोचिडीशी संबंध दाखवला. पुढे १९१० साली मेक्सिकोत टायफसवर काम करताना त्याच आजाराने ते गेले. त्याच वर्षी ट्युनिसमध्ये कोनोर आणि ब्रूश यांनी भूमध्य सागराकाठच्या तापाचं वर्णन केलं, त्यांपैकी कोनोर यांचं नाव आपल्या जंतूला मिळालं. जंतू वाहिनीच्या अस्तराच्या पेशीतच राहतो, हे वोल्बाक यांनी १९१९ पर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं केलं. भारतात मेगॉ यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरांत तो ओळखला.

पिशव्यांचा प्रश्न

मेहुणे दिवाडी बेटावरचे, खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती करणारे. त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. बांधात कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, आतून बिळं पाडली की पाणी शिरतं, मग गावकरी जागोजाग चिखल लिंपतात आणि काठावरचा चिखल संपत येतो. काठावर चिखल कमी दिसतो, म्हणजे कुणी तो चोरला असं नव्हे, तो बांधाला लागला आहे. टोपल्या भरभरून चिखल आणून टाकला, पण कुर्ल्या तशाच ठेवल्या, तर रात्रीत नवी बिळं. प्लेटलेट्सचं तेच झालं होतं. त्या बनायच्या थांबल्या नव्हत्या, ठिकठिकाणी दुखावलेल्या अस्तरावर त्या खर्च होत होत्या. त्यांना ते पटकन उमगलं. "म्हणजे आधी कुर्ल्या मारायच्या," ते म्हणाले आणि खाली उभ्या मुलांना घरी पाठवायला गेले.

पिशवी कधीच द्यायची नाही, असं मी म्हणत नाही. रक्तस्राव होत असेल, आकडा १०,००० च्या खाली गेला असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल, तर द्यावी लागते. ३८,००० वर, नाकातोंडातून रक्त नसताना, लघवी स्वच्छ असताना दिलेली पिशवी रुग्णाला नवा धोका देते आणि घरच्यांना खोटा दिलासा.

सलाइनचीही तीच गोष्ट. रक्तदाब ९८ आहे म्हणून बाटल्यांवर बाटल्या लावल्या असत्या, तर उसवलेल्या अस्तरातून ते पाणी सरळ फुप्फुसात गेलं असतं. आम्ही थोडं थोडं देत, दर तासाला लघवी मोजत आणि छातीला स्टेथोस्कोप लावत पुढे गेलो. ऑक्सिजन नाकावाटे, नंतर दीड दिवस घट्ट मास्कवर. व्हेंटिलेटर लागला नाही.

हेपारिन द्यायचं का?

आठव्या दिवशी निळं बोट जरा अधिक काळवंडलं. एका सहकाऱ्यांचं ठाम मत होतं की हे डीआयसी आहे, म्हणजे रक्त अंगभर गोठून गोठण्याचे घटकच संपत चालले आहेत, तेव्हा हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध सुरू करावं. प्लेटलेट्स कमी, डी-डायमर वाढलेला, बोट काळं, अशी त्यांची मांडणी. वरवर पाहता ती बरोबर वाटते.

मला ती पटली नाही, आणि त्याचं कारण फायब्रिनोजेन. खऱ्या डीआयसीत फायब्रिनोजेन खर्च होऊन घसरतं आणि आयएनआर चढतं. इथे फायब्रिनोजेन ४१० होतं, नेहमीच्या वरच्या मर्यादेशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं तेव्हा ४३५ होतं. आयएनआर १.२ वरच होता. गोठण्याची यंत्रणा जागी झाली होती, डी-डायमर तेच सांगत होता, पण ती दिवाळखोरीत निघाली नव्हती. रिकेट्सियाच्या तापांत पूर्ण डीआयसी क्वचितच होतं. बहुतेक रुग्णांत प्लेटलेट्स अस्तर दुखावलेल्या जागांवर खर्च होतात, आणि कातडीवरचं रक्त गोठण्याच्या बिघाडामुळे झिरपत नाही, वाहिनीची भिंतच फाटलेली असल्यामुळे झिरपतं.

कातडीच्या तुकड्याने याला पुष्टी दिली. पोटरीवरच्या एका डागातून तो आधीच घेतला होता, रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. बारीक वाहिन्यांभोवती लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींचं कडं, अस्तर सुजलेलं, आसपास सांडलेलं रक्त. गुठळ्या मोजक्याच वाहिन्यांत, त्याही भिंतीच्या एका कडेला चिकटलेल्या, वाहिनी पूर्ण बंद न करणाऱ्या. म्हणजे ज्या गुठळ्या हेपारिनने रोखायच्या, त्यांतल्या बहुतेक फाटक्या भिंतीला लागलेलं ठिगळ होत्या. ते ठिगळ काढायला जायचं, तेही ३८,००० प्लेटलेट्सवर, मेंदूतल्या वाहिन्यांना तोच आजार असताना! हेपारिनने या आजारात फायदा होतो असा भरवशाचा पुरावाही नाही. आम्ही दिलं नाही. बोट कोरडं आणि उबदार ठेवलं, पट्टी सैल बांधली आणि वाट पाहिली.

काळवंडणं खरं होतं, हेही सांगितलं पाहिजे. भारतातल्या गोचीड-तापात, मुलांत विशेषतः, नेच्याच्या पानासारखे पसरत जाणारे काळे पट्टे आणि बोटांचं, कानाच्या पाळीचं गँग्रीन पाहायला मिळतं. शेवटच्या बारीक वाहिन्यांत अस्तर इतकं सुजतं आणि रक्तदाब इतका उतरतो की रक्त पोचतच नाही. त्यावर उपाय एकच, जंतू जितक्या लवकर मरेल तितकं बरं. उपचार पाचव्या दिवसाच्या आत सुरू झाले तर या टप्प्याला सहसा जावंच लागत नाही. म्हणूनच रिपोर्टाची वाट न पाहता संशयावर औषध सुरू करायचं असतं.

पुढचे दिवस

पहिल्या डोसनंतर ४० तासांनी ताप १०० च्या खाली आला. एवढ्या उशिरा औषध सुरू होऊनही एवढ्या लवकर ताप उतरतो, हे या आजाराचं एक वैशिष्ट्य. ४८ ते ७२ तासांत ताप हलला नाही तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो. प्लेटलेट्स औषधाच्या पहिल्या दिवशी ३४,००० वर जाऊन टेकल्या, मग ५१,०००, ९४,००० आणि डिस्चार्जच्या दिवशी १,८०,०००. एकही पिशवी न देता. सोडियम आपोआप वर आलं. कल्चर स्वच्छ आल्यावर सेफ्ट्रायॅक्झोन बंद केलं. डॉक्सिसायक्लिन एकूण ७ दिवस दिलं. गोळी जेवणानंतर, भांडंभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. हे सांगायला वेळ लागत नाही, पण सांगायचं राहून जातं.

बोटाचं टोक वाळून काळं कठीण झालं आणि दोन महिन्यांनी नखासकट गळून पडलं. खाली गुलाबी कातडी आलेली होती. शस्त्रक्रिया लागली नाही.

निदान कागदावर यायला मात्र वेळ गेला. सातव्या दिवशीचा वाइल-फेलिक्स निरुपयोगी ठरला. ही १९१६ सालची तपासणी अजून ठिकठिकाणी केली जाते, कारण ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात ती बहुधा निगेटिव्हच येते, आणि तसा कागद हातात आला की लोक डॉक्सिसायक्लिन थांबवतात, ही तिची खरी हानी. प्रतिपिंडं मोजणाऱ्या इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीत पहिल्या नमुन्यात १:६४ आणि तीन आठवड्यांनंतरच्या नमुन्यात १:१०२४ अशी पातळी आली. चौपट वाढ पुरेशी असते, ही सोळापट होती. यावरून ठिपक्यांच्या तापाच्या गटातला रिकेट्सिया आहे एवढं नक्की झालं. नेमकी जात या तपासणीतून ठरत नाही, कारण गटातल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं एकमेकांशी जुळतात.

मांगरातला कुत्रा

कुत्र्याची हकीकत नंतर कळली. मार्चमध्ये त्याच्या नाकातून रक्त येत होतं. गुरांच्या डॉक्टरांनी 'टिक फीवर' सांगून त्यालाही डॉक्सिसायक्लिनच दिलं होतं, ती चिठ्ठी मांगरातल्या कॅलेंडरला अडकवलेली होती. घरच्यांना वाटलं, कुत्र्याचाच ताप धन्याला लागला. तसं नाही. कुत्र्याला बहुधा एर्लिकिया कॅनिस झाला होता. तो जंतू पांढऱ्या पेशींत राहतो आणि कुत्र्याच्या प्लेटलेट्स पाडतो. धन्याचा रिकेट्सिया निराळा, अस्तरात राहणारा, आणि त्याने कुत्रा सहसा फारसा आजारीही दिसत नाही. पण दोघांचाही वाहक एकच, कुत्र्यावरची तपकिरी गोचीड. म्हणून कुत्र्याला टिक फीवर झाला असेल तर त्या घरातल्या माणसाच्या तापाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं, आणि गुरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी माणसांच्या डॉक्टरांनी मागून पाहायला हवी.

माकडतापाबद्दल सत्तरीत बरीच जागृती झाली आहे. जंगलात जाताना अंगभर कपडे, मेलेलं माकड दिसलं तर कळवणं, हे लोक पाळतात. पण माकडतापाची गोचीड रानातली. ही दुसरी गोचीड घरात राहते. रक्त पिऊन झालं की मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यांत काही हजार अंडी घालते. जंतू अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जातो. गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या मांगरात तिला जागाच जागा. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरांकडून गोचीडनाशक, सांध्यांत आणि अंथरुणाखालच्या फटींत फवारणी, शक्य तिथे गिलावा, आणि कुत्र्याची झोपायची जागा माणसांपासून दूर, हे सगळं एकदम करावं लागतं. गोचीड काढायची तर चिमट्याने, तोंडाजवळ धरून, सरळ वर ओढून. केरोसीन नाही, काडी नाही, नखाने चिरडणं तर अजिबात नाही. साबणाच्या पाण्यात टाकली की मरते.

मेच्या अखेरीस याच घरातल्या ६ वर्षांच्या पुतणीला ताप आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मांगरात होती. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी तिला आणलं. तळपायांवर काही नव्हतं, प्लेटलेट्स १,९०,०००. तिच्या आईने मेडिकलवाल्याकडून ऐकलं होतं की आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध दिलं तर दात पिवळे पडतात. ती भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आलेली आहे. डॉक्सिसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या डोसाने दातांवर डाग पडत नाहीत, आणि या आजारात ते लहान मुलांनाही पहिलं औषध म्हणून दिलं जातं. तिचं वजन १८ किलो. किलोमागे २.२ मिलिग्रॅम या हिशोबाने ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी ताप गेला होता, पुरळ उठलंच नाही. तीन आठवड्यांनंतरच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळी फारशी चढली नाही. औषध लवकर सुरू झालं की तसं होऊ शकतं, त्यामुळे तिच्या केसपेपरवर 'संशयित' एवढंच लिहिलेलं आहे.